बोटीतला चौथा माणूस

हे खरंच घडलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, पण घडलं ते असंच.

ज्याच्या बाबतीत घडलं तो पीटर आजही अर्नाळ्यात राहतो. मासेमारी करतो. दारूला शिवत नाही. चकवा, हडळ, असलं काही कोणी बोलायला लागलं की पूर्वी तो हसत उठून जायचा.

आताही उठून जातो. पण हसत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. शुक्रवार होता. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले.

पीटर आणि प्लासिड जाळं ओढून परतीला लागले होते. प्लासिड म्हणजे पीटरच्या बायकोचा, फिलोमिनाचा थोरला भाऊ. पीटर पन्नाशीचा, प्लासिड साठीला टेकलेला. दोघांनी जन्म एकाच बोटीवर काढलेला. बोट पीटरची. छोटीच, डिझेल इंजिनाची. अर्नाळ्याचा किल्ला पूर्वेला अडीच-तीन मैलांवर धुरकट दिसत होता.

वारा नव्हता. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत.

तेवढ्यात वरून ते विमान आलं.

त्यात नवल काहीच नव्हतं. विमान चालवायला शिकवणाऱ्या कुठल्याशा संस्थेचं ते दोन माणसांचं विमान होतं. आठवड्यातून दोन-चारदा किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. मिक्सरसारखी घरघर करायचं. अर्नाळ्याची पोरं त्याला 'चिलट' म्हणायची.

पण त्या दिवशी...

घरघर अडखळली.

खर्र... खर्र... मग उचकी लागल्यासारखा एक झटका.

आणि मग... काहीच नाही.

समुद्रावर इंजिनाचा आवाज थांबला की कोळ्याच्या काळजाचा ठोका आधी चुकतो. मग ते इंजिन दुसऱ्याचं का असेना. पीटरने मान वर केली.

"बंद पडलं," तो म्हणाला.

"विमान असं मधीच कसं बंद पडंल?" प्लासिड म्हणाला. पण त्यानेही हातातलं जाळं सोडलं होतं.

विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं. आवाज न करता. ताणलेल्या दोरीतून वारा जावा तशी बारीक शीळ तेवढी ऐकू आली. पुढचा पंखा नुसता सुस्त फिरत होता. इतकं खाली आलं होतं की काचेमागची दोन डोकी दिसली.

मग चाकं पाण्याला लागली. शेपूट वर उडालं. विमान उलटं होऊन आपटलं.

पीटरने इंजिनाचा कान पिळला आणि बोट तिकडे सोडली.

पोचायला पाच-सहा मिनिटं लागली. जवळ गेल्यावर पीटरला एक गोष्ट खटकली. वास.

म्हणजे... वास नव्हता.

बुडालेल्या बोटी त्याने पाहिल्या होत्या. पहिलं वर येतं ते तेल. पाण्यावर सात रंगांचा तवंग पसरतो, नाकात भपकारा बसतो. इथे एवढं विमान फुटलं होतं आणि पाणी स्वच्छ होतं.

तेलाचा एक थेंब नव्हता.

मोडक्या पंखाला धरून एक मुलगी तरंगत होती. वीस-बावीस वर्षांची. कपाळ फुटलेलं, डावा हात लोंबत होता.

"सर आत आहेत!" ती ओरडली. "बेल्ट निघत नाहीये त्यांचा! प्लीज अंकल, सर आत आहेत!"

"प्लासिड, पोरीला घे," पीटर म्हणाला. जाळं कापायची सुरी त्याने दातात धरली आणि उडी मारली.

खाली हिरवा काळोख होता. पीटर चाचपडत दारापर्यंत गेला. काच फुटलेली होती. आत हात घातला. खुर्ची लागली. मग एक खांदा. मग पट्टा.

त्याने सुरी चालवायला सुरुवात केली. पट्टा जाड होता. अर्धा कापला गेला असेल...

आणि कोणीतरी त्याचं उजवं मनगट धरलं.

घट्ट.

जिवंत आहे, पीटरच्या मनात आलं. त्याने जोर लावून ओढलं. पण तेवढ्यात विमानच हललं. नाक खाली करून ते बुडायला लागलं. पीटरच्या कानात कळ गेली. मनगट सुटेना. छाती फुटायला आली. त्याने मनातल्या मनात 'नमो मारिया'चं मागणं सुरू केलं. ते अर्ध्यावरच राहिलं.

मग ती पकड सुटली. नाहीतर त्याने सोडवली. नक्की काय झालं ते त्याला आजही सांगता येत नाही.

मधलं काहीच आठवत नाही.

एकदम डोळ्यांवर उजेड आला. समोर बोटीची मागची बाजू होती. वरून एक हात खाली आला, त्याचं तेच मनगट धरलं आणि लहान पोराला उचलावं तसं त्याला वर घेतलं.

"वाचवलंस रे प्लासिड," पीटर खोकत म्हणाला.

त्याने पुढे पाहिलं. प्लासिड बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला होता. पाठमोरा. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी तिची जखम दाबून बसला होता.

मग हात कोणी दिला?

पीटरने मान वळवली.

मागे, डिझेलच्या टाकीजवळ, एक माणूस बसला होता.

पांढरा शर्ट. खांद्यावर सोनेरी पट्ट्या. चाळिशीचा असेल. शांत बसून पीटरकडे पाहत होता.

पीटरच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघंही वाचले होते! आपण मारलेला अर्धा घाव कामी आला, उरलेला पट्टा यानेच तोडला असेल, असं त्याला वाटलं.

"निघालात ना बाहेर?" त्याने विचारलं.

माणसाने सावकाश मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

पीटरने सुकाणू धरलं आणि बोट अर्नाळ्याकडे वळवली. सूर्य पाण्याला टेकला होता. मुलीचं रक्त थांबत नव्हतं. लवकरात लवकर किनारा गाठायला हवा होता.

थोडं अंतर गेल्यावर एकेक गोष्ट त्याच्या लक्षात यायला लागली.

तो स्वतः गारठून कुडकुडत होता. समोरचा माणूस कुडकुडत नव्हता.

त्याच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती.

आणि बोट... पीटरला आपली बोट पायाच्या तळव्यांनी कळायची. मागे दोन माणसं बसली की ती मागे दबते, नाक वर करते. प्लासिड त्यावरून नेहमी चेष्टा करायचा. त्या दिवशी ती दबलीच नाही. मागे कोणीच बसलेलं नसल्यासारखी हलकी चालली होती.

माणूस पुढे वाकला. डिझेलच्या टाकीवर त्याने बोटाच्या पेराने वाजवलं.

टक... टक.

"तेल किती आहे, काका?"

इंजिनाच्या आवाजात पीटरला ओठांवरूनच कळलं. "पुरंल!" तो ओरडला.

आणि इंजिन बंद पडलं.

उचकी नाही, धूर नाही. कोणी गळा दाबावा तसं गप्प झालं. चारी बाजूंनी शांतता अंगावर आली.

त्या शांततेत माणसाचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"मीही तेच म्हणालो होतो."

पीटरच्या मानेवर काटा उभा राहिला.

"ऋतिकाने विचारलं होतं मला," माणूस पुढच्या टोकाच्या मुलीकडे बघत म्हणाला. "'सर, काटा खाली दिसतोय, भरून घेऊ या का?' मला घाई होती. म्हटलं, पुरेल. परत आल्यावर भरू. तेल तपासल्याच्या कागदावर सही तिची आहे, काका. पण निर्णय माझा होता. हे सांगा सगळ्यांना."

"किनाऱ्याला गेल्यावर तुमीच सांगा ना," पीटर कसाबसा म्हणाला.

माणूस नुसता पीटरकडे बघत राहिला. पीटर म्हणतो, त्या नजरेत राग नव्हता. कीव होती. जणू एखादी वाईट बातमी त्यालाच पीटरला द्यायची होती आणि धीर होत नव्हता.

"माझ्या बायकोला, विनयाला सांगा," तो जरा वेळाने म्हणाला. "सकाळी स्कूटीतलं पेट्रोल संपवलंस म्हणून मी नाही नाही ते बोललो तिला. मुलीसमोर. माझ्याकडे एवढं एकच सांगायचं उरलंय."

"पीटर!" पुढून प्लासिडचा आवाज आला. तो मागे न बघताच ओरडत होता. "पोरगी थंड पडाय लागली! इंजिन लाव!"

पीटर भानावर आला. टाकीचं झाकण काढून त्याने मोजायची काठी आत घातली. पहाटेच तर भरली होती टाकी.

काठी कोरडी वर आली.

त्याने पुन्हा घातली. पुन्हा कोरडी.

ओहोटी लागली होती. किल्ला हळूहळू लांब जात होता. बोट बाहेर, उघड्या समुद्राकडे ओढली जात होती. फोन एकच, पीटरच्या खिशात. तो पाण्यात भिजून मेलेला. उजेड सरत आलेला. आणि पुढे एक मुलगी मरायला टेकली होती.

माणूस उठून उभा राहिला.

पीटरने डोळे मिटले. का मिटले ते त्यालाही ठाऊक नाही. बघवलं नाही, एवढंच तो सांगतो.

मग त्याला दुसऱ्या इंजिनाचा आवाज आला.

ती रायनची बोट होती. रायन अर्नाळ्याचाच, पीटरच्या शेजारच्या आळीतला तरुण. त्याने दोर फेकला, उडी मारून तो आत आला, मुलीला बघितलं.

"आधी मागच्या सायबाला घे," पीटर म्हणाला.

"कुठला सायब, अंकल?"

पीटरने मागे पाहिलं.

टाकीजवळची फळी रिकामी होती.

कोरडी होती.

पीटर वेड्यासारखा ओरडायला लागला. माणूस पाण्यात पडला, शोधा! रायनने चारी बाजूंनी बॅटरी मारली. पाण्यावर काहीच नव्हतं. शेवटी मुलीसाठी निघावंच लागलं. रायनने बोट दोराने ओढत किनाऱ्याला आणली. मुलीला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचा उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती.

"तुला कसं दिसलो आमी?" प्लासिडने रायनला विचारलं. "आमच्याकडं ना बत्ती, ना काय."

रायन म्हणाला, "तुमच्या बोटीत मागे एकजण उभा राहून हात हलवत होता ना. पांढरा शर्ट दिसला लांबून. म्हणून वळलो."

पीटरच्या अंगात निळा टी-शर्ट होता. प्लासिडचा चौकडीचा शर्ट मुलीच्या डोक्याला बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणबुड्यांना विमान सापडलं. सहा वाव, म्हणजे पस्तीसेक फूट पाण्यात, चिखलात रुतलेलं. आत माणूस होता.

खुर्चीत. पट्ट्याने बांधलेला.

पट्टा उजव्या बाजूला अर्धा कापला गेला होता. उरलेला अर्धा शाबूत होता.

पीटर किनाऱ्यावरच उभा होता. त्याने चेहरा पाहिला. तोच. नाव सुमेध, ऋतिकाला शिकवणारा. डॉक्टरांचं म्हणणं पडलं की डोकं आपटून तो जागच्या जागी गेला होता. पाण्यात बुडायच्याही आधी.

मग पाण्याखाली पीटरचं मनगट कोणी धरलं?

त्याच दुपारी पीटर बोटीवर गेला. टाकीचं झाकण उघडायला त्याने बराच वेळ लावला. काठी घातली. पाऊण टाकी भरलेली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

आठ-दहा दिवसांनी बातम्या यायला लागल्या. विमानाच्या दोन्ही टाक्या कोरड्याठाक निघाल्या होत्या. उडायच्या आधी तेल तपासल्याच्या कागदावर सही होती ऋतिकाची. विद्यार्थिनीचा हलगर्जीपणा, गुरूचा बळी, असं लोक बोलायला लागले. तिने आता आयुष्यात विमानाला हात लावू नये, असंही कोणी लिहिलं.

पोलिसांनी पीटरचा जबाब घेतला. त्याने बुडी मारल्याचं सांगितलं, मुलगी काढल्याचं सांगितलं. बाकीचं तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. काय सांगणार? सहा वाव पाण्यात बांधलेला माणूस माझ्या बोटीत बसून बोलला म्हणून?

मग तो ऋतिकाला भेटायला विरारच्या फुलपाड्यात गेला. तिचा हात प्लास्टरमध्ये होता. वडील दाराशी उभे, महिनाभरात दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे.

"तू सरांना विचारलं होतंस ना, तेल भरून घेऊ का?" पीटर म्हणाला.

मुलगी दचकली. "तुम्हाला कोणी सांगितलं? मी घरी पण नाही बोलले हे."

"का नाय बोललीस?"

"कोण ऐकणार, अंकल? सर नाहीयेत आता. ते स्वतःला डिफेंड करू शकत नाहीत, आणि मी त्यांच्यावर ढकलू?" ती रडायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "मला लास्ट काय आठवतं माहितीये? सर बोट चालवत होते. मागे बसून. मला वाटलं, सर चालवतायत म्हणजे आपण सेफ आहोत."

शुद्ध गेलेल्या पोरीचे भास, असं म्हणून पीटरने ते सोडून दिलं.

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदाच फिलोमिनाला सगळं सांगितलं. ती मासे साफ करत होती. हातातली सुरी खाली ठेवून तिने पदराने तोंड पुसलं.

"मेलेल्या मानसाचा निरोप आपल्याकडं ठेवून घ्यायचा नसतो," ती म्हणाली. "त्याच्या बायकोकडं जा. आजच जा."

सुमेधचं घर वसईला, एव्हरशाईन सिटीत. चौथा मजला. दार विनयाने उघडलं. पस्तिशीची बाई, डोळे सुजलेले. आत सात-आठ वर्षांची मुलगी चित्र रंगवत बसली होती.

पीटर सोफ्याच्या कडेला टेकला. आधी मुलीच्या चित्राकडे बघत राहिला. शेवटी खाली मान घालून त्याने जसं ऐकलं होतं तसं सांगून टाकलं. तेलाचं सांगितलं तेव्हा विनया ताडकन उठली.

"कोणी पाठवलं तुम्हाला? त्या मुलीच्या घरच्यांनी? माझ्या नवऱ्याच्या नावावर खापर फोडायला निघालात? निघा तुम्ही!"

पीटर उठला. दारापर्यंत गेला. तिथे थांबून म्हणाला, "स्कूटीतलं पेट्रोल संपलं म्हनून सकाळी मुलीसमोर बोलले तुमाला. ते सलत होतं त्यांना. एवढंच सांगायचं उरलंय म्हनाले."

विनयाने भिंतीला हात लावला.

आतली मुलगी रंगवायची थांबली होती.

"हे..." विनयाने मुलीकडे पाहिलं. "हे आम्हा तिघांशिवाय कोणालाच माहीत नाही. मी माझ्या आईलाही नाही सांगितलं. त्या दिवशी तो तसाच गेला. मी दारापर्यंतसुद्धा नाही गेले."

ती किती तरी वेळ रडली. पीटर दारातच उभा राहिला. मग तिने तोंड धुतलं, पाणी आणून त्याला दिलं आणि म्हणाली, "मी चौकशीत सांगते. त्याने उडायच्या आधी मला फोन केला होता, तेल नंतर भरू म्हणाला, असं सांगते."

"पन फोन तर नव्हता ना केला?"

"नव्हता," विनया म्हणाली. "पण शब्द तर त्याचेच आहेत ना, काका?"

तिने खरंच तसं सांगितलं. चौकशीत संस्थेतल्या एका मेकॅनिकनेही मग कबूल केलं, की सुमेध सर घाईत होते, तेल राहू दे म्हणाले होते. ऋतिकावरचा ठपका निघाला. मागच्या वर्षी तिला लायसन्स मिळालं. पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हा ती अर्नाळ्यावरून गेली. पीटर वाळूत उभा राहून विमान दिसेनासं होईपर्यंत बघत होता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

मागच्या डिसेंबरात, नाताळच्या आधी, प्लासिडच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी त्याने पीटरला हॉस्पिटलात बोलावून घेतलं. बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं.

त्या संध्याकाळबद्दल प्लासिड कधीच बोलला नव्हता. मी पुढं तोंड करून बसलो होतो, मला काय ठाव नाय, एवढंच म्हणायचा. पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं होतं.

"मी मागं बघितलं होतं," प्लासिड म्हणाला. "एकदाच. इंजिन बंद पडलं तवा."

पीटरने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तो बसला होता. पांढऱ्या शर्टातला. सुकाणू धरून."

"म्हंजे तुलापन दिसला!" पीटरला क्षणभर हायसं वाटलं. "मग इतकं दिवस का नाय बोललास? आमी दोघं बोलत होतो ते ऐकलंस ना?"

"ऐकलं," प्लासिड म्हणाला. त्याने पीटरचा हात हातात घेतला.

"पीटर... मागं तो एकटाच होता."

"एकटा कसा? मी समोरच तर होतो त्याच्या."

"तू नव्हतास. तू बुडी मारलीस तवापासनं वर आलाच नव्हतास. मी वाट बघितली, हाका मारल्या. मग बोट आपोआप चालू लागली, माझी मागं बघायची छाती होईना. इंजिन थांबलं तवा बघितलं. तो होता. तू नव्हतास. तरी 'इंजिन लाव' म्हनून तुलाच हाक मारली, कारन तुझा आवाज येत होता."

"कुठनं?"

प्लासिडने डोळे मिटून घेतले.

"खालनं. बोटीच्या खालनं. पान्यातनं."

खोलीतलं मशीन टिकटिक करत होतं.

"रायन आला तवा तू बोटीत होतास," प्लासिड हळूच म्हणाला. "त्याच्या आधी कवा आलास, कोनी आनलं... मला विचारू नको."

प्लासिडचं ऑपरेशन नीट पार पडलं. तो घरी आहे, हिंडतोफिरतो. तो विषय त्याने परत काढलेला नाही.

पीटरने मात्र हिशेब मांडून पाहिलाय. बुडी मारल्यापासून रायनची बोट येईपर्यंत निदान वीस-पंचवीस मिनिटं गेली होती. एवढा वेळ कोणी पाण्याखाली राहत नाही. राहिला तर परत येत नाही. आणि त्या माणसाच्या नजरेतली ती कीव... ती आता त्याला जास्त आठवते.

तो फादरकडे गेला. फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. देवाने परत पाठवलं असं समज, म्हणाले. पीटरने मान हलवली. पण पाठवलं ते देवानेच का, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलेलं तसंच राहिलं.

फिलोमिनाला त्याने प्लासिडचं बोलणं सांगितलेलं नाही. पण तिला कुठूनतरी कळलंय.

दुपारी जेवून तो जरा आडवा होतो. डोळे मिटलेले असतात, झोप लागलेली नसते. तेव्हा फिलोमिना पायांचा आवाज न करता येते. त्याच्या उशाशी बसते. आणि आपला तळवा त्याच्या नाकापाशी धरते.

बराच वेळ धरून ठेवते.

पीटर डोळे उघडत नाही. तोही वाट बघत असतो... तिचा हात मागे कधी जातो, त्याची.